ठिकाण: इतर

नऊ वर्षं मी एकच वाक्य लिहीत आले:
'गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब,
नंतर त्याच जागी, आहेत त्यांच्यासह सुरू.'
आहेत ते म्हणजे अकरा.
त्यातले दोघे पंख्याखाली बसायला आलेले,
एक सरपंचांचा मेहुणा.

रविवारी साडेदहाची वेळ ज्याने ठरवली
त्याने रविवारी साडेदहाला
बांगडे कधी साफ केले नसावेत.

मी वाळपईची. खाऱ्या पाण्याशी माझी ओळख
ताटातल्या तिसऱ्यांपुरती.
सचिव म्हणून इथे बदलून आले तेव्हा कळलं,
शेत भरतीच्या पाण्याखाली असू शकतं
आणि एक लाकडी दार, मानस म्हणतात त्याला,
दिवसातून दोनदा मिटून
अख्ख्या खाजनाचं भात राखतं.

यंदा वरून ॲप आलं.
प्रश्न टाकला: जुनी मानस काढून
लोखंडी, मोटरची बसवावी का?
होय. नाही. सांगता येत नाही.
खाली माइकचं चिन्ह, ज्यांना लिहायचं नाही त्यांच्यासाठी.
वाटलं, अकराच येतील.

आठवड्यात दोनशे सात आवाज.

पहिला पहाटे पावणेचारला, कुठल्याशा जहाजावरून,
आल्वितोचा, भांडी धुण्याच्या मशीनच्या घरघरीत:
'होय म्हण. पण ठेका कोणाला, ते आधी सांग.'

चंद्रावतीने तीनदा सुरुवात केली, तीनदा बंद केली.
चौथ्यांदा एका दमात:
रात्री दार कोण उघडं ठेवतं, कोळंबीसाठी,
कोणाच्या सांगण्यावरून,
आणि तिच्या तुकड्यात मीठ कसं फुलून येतं.
नऊ वर्षं ती प्रत्येक सभेला होती.
चहा देत होती.

एकाने पाच फोनवरून पाचदा 'नाही' म्हटलं.
वारलेल्या उमाकांत मास्तरांच्या नंबरावरून 'होय' आला.
नातू म्हणाला, आजोबा होयच म्हणाले असते.
मी तो खोडला,
मग बराच वेळ तशीच बसले.

आणि एक, शेहेचाळीस सेकंदांचा,
ज्यात कोणी बोलतच नाही.
यंत्राचा शेरा: मत आढळले नाही.
नंबर रुझारचा. त्याच्या बापाने, बापाच्या बापाने
हीच मानस राखली.

त्या रविवारी चौऱ्याण्णव माणसं.
खुर्च्या कपेलातून आणल्या.
तो आवाज मी स्पीकरवर लावला.
पाणी. नुसतं पाणी.
मग लाकडावर काहीतरी, ठक्.
सरपंच म्हणाले, पुढचा घ्या.

मागून कोणीतरी: 'हें दार न्हय. दाराच्या कुशीक.'
दुसरा: 'उजवीकडचा बांध. कुर्ल्यांनी पोखरलाय.'
बायका उठून पुढे आल्या.
परत लाव.
मी लावला.
परत.
माझ्या कानाला ते सगळं पाणी सारखंच,
त्यांना त्यात भोक दिसत होतं.

रुझार स्वतः आला नव्हता.
सुकतीची वेळ होती, तो कामावर होता.

मोटरचा ठराव झाला नाही.
झाला तो एवढाच: पुढची सभा अवसेला,
पाणी तळाला गेल्यावर, बांधावर.
चिखलात पाय घालायची तयारी ठेवावी.
आल्वितोला कोणीतरी फोन धरून दाखवावं,
तिथे रेंज नाही हे ठाऊक असूनही.
'चहा थंय मेळचो ना,' चंद्रावती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसली.

रात्री इतिवृत्त भरायला घेतलं.
वेळ: ओहोटीप्रमाणे.
चौकट लाल झाली. आकडाच हवा.
आकडा दिला.
ठिकाण: पंचायत सभागृह, शाळा, समाजमंदिर, इतर.
इतर.
कृपया तपशील द्या, चाळीस अक्षरांत.

लिहिलं:
बांधावर, उजवीकडे, जिथून आवाज येतो.